पाच वाजताची गुडगुड

लीड्समधला जानेवारी. आई-बाबा पहिल्यांदाच आलेले आणि सकाळी बॉयलर बंद. रेडिएटर गार. बाबा काहीच बोलले नाहीत, कानटोपी घालून बसले. तेच जास्त टोचलं.

मी इंजिनिअर, म्हणून आधी रीसेट. दोन मिनिटांत पुन्हा बंद. प्रेशर १.२ बार, म्हणजे ठीक. १ च्या खाली असतं तर पाणी भरावं लागलं असतं. पुन्हा रीसेट दाबणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, पाच वाजल्यापासून गुडगुडत होता तो."

गुडगुड! जळलेल्या गॅसच्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारा प्लास्टिकचा पाइप गोठला होता. पाणी तुंबलं की बॉयलर स्वतःच बंद पडतो. बाहेर जाऊन पाइपवर कोमट पाणी ओतलं. उकळतं ओतलं तर पाइप तडकू शकतो. मग रीसेट, आणि बॉयलर पेटला. याहून पुढे, आतलं झाकण उघडायचं काम माझं नाही. त्याला इथे गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

"पण पाचला तू जागी कशी?"

"थंडी वाजत होती रे."

बिल वाचावं म्हणून रात्री हीटिंग मीच बंद ठेवायचो. टायमर बदलला.