मोहाडीहून मोतीबागेस

मोहाडीकरांस जवळचें रेल्वे स्थानक म्हणजे वरठीचें भंडारा रोड. तेथील रुंद रुळांवरच्या गाड्या पाहून वाढलेल्या मुलांस अडीच फुटी रुळांची आगगाडी ठाऊक असण्याचें कारण नाहीं. उमरेडवरून जाणारा नागपूर–नागभीड हा तसला मार्ग २०१९ मध्यें बंद पडला. त्या गाडीचे डबे कसे जोडले जात, हें सांगणारीं माणसेंही घराघरांतून कमी होत आहेत. म्हणून आम्ही मुलांस घेऊन नागपुरास मोतीबागेंतील, २००२ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत गेलों.

मुलें इंजिनापाशीं रमलीं. आमचें लक्ष डब्यांच्या सांध्याकडे होतें. रुंद मार्गाच्या जुन्या डब्यांस दोहों बाजूंस बफर व मध्यें सांखळी असे. येथें मधोमध एकच बफर आणि त्यावर पडणारा आंकडा. तीव्र वळणावर कडेचे बफर एकमेकांत अडकण्याचें भय असतें. मधल्यास तें नाहीं.

मोहाडीस परततांच मुलांनीं डबा करावयास घेतला. चोविसावा हिस्सा हें प्रमाण मोठें सोईचें: अडीच फुटांचे बरोबर सव्वा इंच होतात. पुठ्ठ्याचा डबा दोन दिवसांत उभा राहिला. आंकडा मात्र खालीं पडेना. लांबी चोविसाव्या हिश्श्यावर आली कीं वजन सुमारें चौदा हजाराव्या हिश्श्यावर येतें. खिळीच्या घर्षणापुढें तेवढ्या भाराचें काय चालणार! अखेर टोकाखालीं पितळेचा तुकडा डकविला. हुबेहूबपणाचे अभिमानी नाक मुरडोत. आतां आंकडा खट्‌कन्‌ पडतो आणि अंगणाच्या वळणावरही सुटत नाहीं.