तिकांडं आणि दुर्बीण

बैल विकत घ्यायचा असेल तर आमच्या बेंबळीत सल्ल्याला तोटा नाही. दात बघणारे, शिंगे बघणारे, चार पावले चालवून बघणारे असे दहा जाणते हाक मारताच गोळा होतात. पण दुर्बीण घ्यायची म्हटल्यावर विचारायचे कोणाला? दुर्बिणीचे दात कोण बघणार? गेले वर्षभर मी या एकाच प्रश्नाने बेजार आहे, आणि माझ्यामुळे वर्गातले तीन मित्र, घरची मंडळी व ग्रंथालयातले सरही.

या वेडाची सुरुवात झाली ती जयंत नारळीकरांच्या 'आकाशाशी जडले नाते' या पुस्तकापासून. त्यानंतर ओळखीच्या एका शिक्षकांकडून लहानशी दुर्बीण चार दिवसांसाठी मागून आणली. अंगणात ती मांडली, चंद्र धरला आणि आजीला बोलावले. आजीची कंबर वाकत नाही, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. ती कशीबशी वाकली, भिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, "मला तर काळंच दिसतंय रं." मी पुन्हा चंद्र धरला. तोवर तो सरकला होता. तिसऱ्या वेळी ती "ऱ्हाऊ दे, बाळा, तूच बघ" म्हणून आत निघून गेली. माझे चंद्रावरचे खड्डे बघणे त्या रात्रीपुरते तरी संपले.

आकाश आजीला मात्र माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सप्तर्षींना ती बाज म्हणते आणि मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं. रात्री किती वाजले ते तिच्या लहानपणी तिकांड्यावरून कळे. पण तिकांड्याचा विषय निघाला की ती बोलणे आवरते घेते. कारण पुढे कळले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते. आमच्या घराची भिंत फुटली, सगळे अंगणात धावले. चांदणे पडलेले होते, तरी आजीला वर तिकांडं दिसले. तिची धाकटी बहीण सास्तूरला दिलेली होती. ती सापडली ती दुसऱ्या दिवशी, मातीखाली. त्या हिवाळ्यात घरातले कोणी छपराखाली झोपले नाही, आणि रोज रात्री डोक्यावर तेच तीन तारे. असो.

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५च्या पाडव्याला, पुण्याहून एक मित्र आला आणि येताना आपली स्मार्ट दुर्बीण घेऊन आला. सीस्टार एस५० हे तिचे नाव. ही २०२३ साली बाजारात आली. दिसायला दुर्बीण कमी आणि पिठाचा डबा जास्त! वजन अडीच किलो, भिंग पन्नास मिलिमीटरचे, आणि डोळा लावायला जागाच नाही. मोबाईलवर नाव निवडायचे, की यंत्र आपले आपण मान वळवते. ते आकाशाचा फोटो घेते, त्यातल्या ताऱ्यांची ठेवण आपल्याजवळच्या नकाशाशी ताडते आणि आपण कुठे बघतो आहोत ते ओळखते. मग दहा-दहा सेकंदांची चित्रे काढून ती एकमेकांवर रचत जाते. गंमत या रचण्यातच आहे. तारा प्रत्येक चित्रात असतो, पण चित्रातला बारीक कचरा दर वेळी निराळा असतो. सोळा चित्रे रचली, की तो कचरा चौथ्या हिश्श्यावर येतो.

आधी शनी धरला. माझी घोर निराशा झाली. मार्च २०२५मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, दिवाळीपर्यंतही ती फारशी उघडली नव्हती. त्यातून या यंत्राची नाभी अवघी अडीचशे मिलिमीटरची. ग्रह बघायला ही दुर्बीण नव्हेच. पडद्यावर एक ठिपका आणि त्यातून गेलेली टाचणी! देवयानीतली दीर्घिका धरली, तर ती पडद्यात मावेना. आकाशात ती सुमारे तीन अंश पसरलेली, म्हणजे सहा चंद्रबिंबे शेजारी शेजारी, आणि यंत्राची चौकट जेमतेम सव्वा अंशाची.

बाराच्या सुमारास मृग बऱ्यापैकी वर आला. तिकांड्याच्या खालचा तेजोमेघ निवडला. पहिल्याच चित्रात धूसर पंख उमटले, दहा मिनिटांत ते गुलाबी झाले. तेवढ्यात आजी उठून बाहेर आली होती. मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिने तो हातभर लांब धरला, बराच वेळ बघितले.

"हे कुठलं?"

"तिकांड्याच्या खालचं, आजी. तिथं नवीन तारे जन्मतात."

"जन्मत्यात?" एवढेच ती म्हणाली. मोबाईल मात्र परत दिला नाही.

त्या रात्री माझी निवड झाली. पण पैसे? शिष्यवृत्तीतून आणि सुट्टीत एका दुकानात हिशेब लिहून मी बावीस हजार साठवले होते. सप्टेंबरातल्या पावसाने आमचे सोयाबीन उभ्या जागी कुजले. दादांनी माझ्याकडे काही मागितले नाही. ते हरभऱ्याच्या बियाण्याचा हिशेब जुन्या पाकिटावर पुन्हा पुन्हा मांडत होते. बारा हजार मीच नेऊन दिले. मनातून खळखळ झाली नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

उरल्या दहा हजारांत काय येते? दोन डोळ्यांची चांगली १० × ५० दुर्बीण येते. नवख्याला, खरे सांगायचे तर, तीच पुरे. कृत्तिका तिच्यातून फार सुंदर दिसतात. नाहीतर साठ मिलिमीटरची, डुगडुगत्या तिपाईवरची आणि खोक्यावर 'सहाशे पट' छापलेली दुर्बीण येते. वाचकहो, त्या खोक्यावर विश्वास ठेवू नका! एका मिलिमीटरला फार तर दोन पट हा साधा हिशेब. साठाची दुर्बीण एकशेवीसच्या पुढे नुसता धुरळा दाखवते.

शेवटी आम्ही चौघांनी वर्गणी काढायचे ठरवले आणि लगेच भांडण जुंपले. एकाचे म्हणणे, सहा इंची आरशाची डॉब्सोनियन घ्या, शनी स्वतःच्या डोळ्याने बघा, पडद्यावर बघायचे तर सिनेमा काय वाईट? त्याचे चुकत नाही. डोळ्यात थेट शिरणाऱ्या प्रकाशाची सर चित्राला येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण डॉब्सोनियन एस.टी.त चढवणार कोण? आणि आजीने वाकायचे कसे? तास-दीड तास वाद झाला. अखेर सीस्टारचेच धाकटे भावंड, एस३०, ठरले. भिंग तीस मिलिमीटरचे, म्हणून प्रकाश कमी गोळा होतो. पण चौकट दोन अंशांच्या वर, वजन पावणेदोन किलोच्या आत आणि किंमतही थोरल्यापेक्षा कमी. ते दप्तरात मावेल. आठवड्याला एकेकाच्या घरी, अशी पाळी लावली आहे. पहिली पाळी आमच्या अंगणाची, ती मी भांडून मिळवली.

हे लिहीपर्यंत वर्गणीत सहा हजार कमी आहेत. हरभरा निघाला की दादा माझे पैसे देणार आहेत. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकले नाही. तोवर मृग रोज थोडा थोडा पश्चिमेकडे सरकतो आहे आणि मे महिन्यात तो संध्याकाळच्या उजेडात बुडेल. आजी हल्ली जेवण झाल्यावर बाज अंगणात टाकायला लावते. परवा तिने वर बघत विचारले, "आलं का रं तुमचं ते यंत्र?"

"नाही अजून."

"मग लवकर आणा की. तिकांडं खाली चाललंय."