सिप्पीघाटचं शेत

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला गेलो ते आईसाठी. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे ती मी शाळेत होते तेव्हापासून म्हणत होती. पोर्ट ब्लेअरला (आता त्याचं नाव श्रीविजयपुरम झालंय) पोचलो त्याच दुपारी सेल्युलर जेल पाहिलं. सात चाळींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या त्या कोठडीच्या दाराशी आईनं चपला काढल्या आणि बराच वेळ ती तिथून हललीच नाही. त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय, मी वेगळं काय लिहू! मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी वंडूरच्या किनाऱ्याकडे निघालो. वाटेत सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या कडेला दूरवर उथळ पाणी पसरलेलं, त्यात वाळलेल्या झाडांचे बुंधे. लेक म्हणाली, "केवढं मोठं तळं!" ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. "तालाब नहीं है बेटा. हमारा खेत था."

२६ डिसेंबर २००४ ला तो नववीत होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली, मग समुद्र आत आला. त्सुनामीची लाट आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली असते. त्यानं सांगितलं ते लाटेनंतरचं. पाणी ओसरलं, वडिलांनी बांध नीट करायला घेतले, आणि भरती आली तसं पाणी पुन्हा भाताच्या खाचरात. दुसऱ्या दिवशीही तेच. एक पावसाळा गेला की मीठ धुऊन निघेल, म्हणून वडील थांबले. पण पाणी यायचं थांबलंच नाही. "समुंदर ऊपर नहीं आया, मॅडम. जमीन नीचे गई."

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूपट्टांचा धडा दरवर्षी फळ्यावर बाण काढून उरकते. इतक्या कमी शब्दांत तो मला कुणी सांगितला नव्हता.

लेकीला समजावायला मी पर्समधला बोर्डिंग पास काढला. भारताचा भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेला समुद्रतळाशी वाकून या बेटांच्या खाली शिरतो. वेग नखं वाढण्याइतका, वर्षाला काही सेंटीमीटर. पण तो सहज सरकत नाही. दोन्ही खडक एकमेकांना घट्ट चिकटतात आणि खालचा वरच्याची कडा आपल्याबरोबर ओढतो. पासची कडा बोटानं खाली दाबून आत रेटली की मधला भाग फुगतो, तसं. शेकडो वर्षं हा ताण साठतो. मग पकड सुटते. कडा वर उसळते आणि मागचा फुगवटा खाली बसतो. त्या सकाळी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीत पकड सुटली. भूकंप ९.१ तीव्रतेचा होता. समुद्रतळ उचलला गेला म्हणून त्सुनामी आली. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उघडं पडलं आणि फुगवट्याच्या बाजूचा हा भाग साधारण मीटरभर खाली गेला. मीटरभर म्हणजे लेकीच्या छातीइतकं. भाताला तेवढं पुरे झालं.

"आणि ज्वालामुखी?" तिनं विचारलं. बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला आहे. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये तो पुन्हा पेटला. तोही याच हद्दीचा. खाली गेलेला समुद्रतळ आपल्याबरोबर पाणी नेतो. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर ते पाणी पिळून निघतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. पॉट आइस्क्रीम करताना आजी बर्फात खडेमीठ टाकते, मिठामुळे बर्फ लवकर वितळतो; पाण्यामुळे खडकाचं तसंच होतं. तो रस वर येतो. म्हणून भूकंपाच्या रेषेला समांतर, थोडी पूर्वेला, ज्वालामुखींची रेषा असते.

"मग आपल्याकडे भूकंप झाला तेव्हा ज्वालामुखी का नाही झाला?" प्रश्न बरोबर होता. २६ जानेवारी २००१, सकाळी ८:४६. मी आठवीत, शाळेच्या मैदानात झेंडावंदनाला उभी. भूज वडोदऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, तरी मैदान पायाखाली नावेसारखं डोललं. आई उघड्या पायांनी धावत शाळेत आली होती. त्या दिवसापासून तिच्या पलंगाशी टॉर्च आणि चपला असतात, इथे हॉटेलातसुद्धा. कच्छ भूपट्टाच्या कडेवर नाही, आतल्या बाजूला आहे. तिथे जुन्या भेगा आहेत आणि हिमालयाशी चाललेल्या रेटारेटीत त्या दाबल्या जातात. समुद्रतळ खाली जात नाही, त्यामुळे रसही तयार होत नाही. आपला पावागड मात्र ज्वालामुखीच्या खडकाचाच. पण ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची दख्खनच्या लाव्ह्याची गोष्ट, आणि ती भूपट्टांच्या हद्दीवर घडलेली नव्हे.

आईला यातलं किती पटलं कोण जाणे. तिनं ड्रायव्हरला विचारलं, "पिताजी अब क्या करते हैं?" ते मुलीकडे राहतात म्हणाला. शेताचे कागद अजून त्यांच्या पेटीत आहेत. इथून जाताना ते खिडकीची काच वर करायला सांगतात.

लेक अजून बोर्डिंग पास वाकवून बघत होती. कडा पुन्हा दाबली जाऊ लागली की मागचा भाग हळूहळू परत वर येऊ शकतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं पुढे वाकून त्याला सांगितलं, "अंकल, खेत वापस आ सकता है. धीरे धीरे."

"कितने साल?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "शायद सौ. दो सौ."

तो हसला. गाडी सुरू करत म्हणाला, "तब तक टैक्सी चलाते हैं."