मुंगी घाटच का?

निखिल,

शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेबद्दल तू लिहिलेस, ते वरवर पटण्याजोगे आहे. देवळापर्यंत डांबरी रस्ता असताना पाण्याच्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून चढवायच्या कशाला? गाडीतून नेल्या तरी पाणी तेच, पिंड तीच. शिवाय माणसारख्या दुष्काळी तालुक्यात भर चैत्रात देवावर पाणी ओतणे तुला उधळपट्टी वाटते. दोन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे. अभिषेक हा उत्सव आणि पाणी आणणे ही त्याची नुसती तयारी, असे तू धरून चालला आहेस. शिंगणापुरात मला याच्या उलट दिसते. तिथे पाणी आणणे हाच उत्सव आहे.

यात्रेचा क्रमच बघ. चैत्र शुद्ध पंचमीला हळद लागते, अष्टमीच्या रात्री शंभू महादेव आणि पार्वतीचे लग्न लागते, आणि शंभू महादेवाच्या शिखरापासून तिथल्याच बळी महादेवाच्या देवळाच्या शिखरापर्यंत लांबलचक ध्वज बांधला जातो. लग्न झाले, अक्षता पडल्या, म्हणजे पाहुण्यांनी परतायचे. इथे मात्र खरी दाटी होते ती द्वादशीला, आणि तीही गाभाऱ्यापेक्षा डोंगराच्या उभ्या अंगावर. आडव्या दांडीच्या दोन टोकांना पाण्याने भरलेले तांब्याचे रांजण, वर उंच निशाणे, खाली सुटी दगडमाती. माणसे हाताला हात धरून साखळी करतात आणि कावड टप्प्याटप्प्याने वर सरकते. देवाला हाक मारायची ती सरळ एकेरीत, ‘म्हाद्या’ म्हणून. इतक्या सलगीने बोलणारा माणूस देवाकडे दर्शनाच्या रांगेतला भाविक म्हणून जात नाही, घरचा माणूस म्हणून जातो.

आता मान कोणाचा, ते पाहा. शंभू महादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत. शिवरायांच्या आजोबांनी, मालोजीराजांनी, इथे तळे बांधले. एवढा राजाश्रय असलेल्या ठिकाणी सर्वांत मानाची कावड कोणाची? सासवडची, भुतोजी तेली यांच्या परंपरेतली. लोक तिला ‘तेल्या भुत्याची कावड’ म्हणतात. राजाने तळे दिले आणि तेली भक्ताने खांद्यावरून पाणी आणले. कोरड्या डोंगरावर राहणाऱ्या देवाची दोघांनी केलेली सेवा एकाच जातीची आहे, आणि द्वादशीला पुढचा मान आहे तो वाहून आणणाऱ्याला. त्यातही सासवड कऱ्हेकाठचे. कऱ्हा काही बारमाही दुथडी वाहणारी नदी नव्हे, अवर्षणाच्या मुलखातलीच ती. भरल्या घरातून उरलेसुरले देणे वेगळे आणि आपल्याच टंचाईतून काढून देणे वेगळे. म्हणून उधळपट्टीचा हिशेब इथे लागू पडत नाही. रांजणभर पाण्याने माणची तहान भागतही नाही आणि वाढतही नाही. तेच रांजण जीपमध्ये ठेवले तर अभिषेक होईल, यात शंका नाही. पण मग मान कशाच्या बळावर मागायचा?

मानावर तुझा आणखी एक आक्षेप येईल, तो आधीच सांगतो. मान म्हटला की घराणी आली, जात आली, पुढे कोण आणि मागे कोण यावरून भांडणे आली. हे खरे आहे, आणि परंपरा म्हणून त्यावर पांघरूण घालू नये. तरीही नुसत्या जन्माने पदरात पडणाऱ्या मानात आणि या मानात फरक आहे. हा मान दर चैत्रात खांद्यावर घ्यावा लागतो आणि घाट चढून सोडवावा लागतो. शिवाय साखळीत हात देणारा कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, हे त्या चढावर विचारत बसायला कोणाला सवड नसते.

राहिला धोका. तो मी नाकारत नाही. एक दगड निसटला तरी खालच्याच्या डोक्यात बसायचा. पण कावड धरणारे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ती वाट ओळखणारे असतात. माझ्या मते अडचण होते ती त्यांच्यामागे हौसेने आणि मोबाइल उंचावून चढणाऱ्यांची. बंधने घालायचीच असतील तर ती बघ्यांवर घालावीत. तू मित्रांना घेऊन द्वादशीला जाणार असशील, तर पायऱ्यांनी किंवा गाडीरस्त्याने वर जा आणि घाट कावडींना मोकळा राहू दे.

तुझा,
मामा