लेलँड गावची जुनी धुडं

मैत्रिणींनो, इंग्लंडला जाऊन आलेली बाई तुम्हांला काय काय सांगेल याचा अंदाज तुम्ही एव्हाना बांधला असेल. राणीचा राजवाडा, टेम्सवरचा पूल, झालंच तर स्कॉटलंडची थंडी. मी मात्र तुम्हांला जुन्या ट्रकांबद्दल सांगणार आहे. हसू नका. आमच्या शाळेतल्या बाईसुद्धा अशाच हसल्या होत्या!

२०२४ च्या मे महिन्यात मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे गेले होते. माझी शाळेची नोकरी अर्ध्या दिवसाची, त्यामुळे उन्हाळ्याची सुटी तेवढी मोकळी मिळते. ‘हे’ आणि मुले सासूबाईंवर सोपवून मी तीन आठवड्यांसाठी निघाले. ताई राहते प्रेस्टनला. लँकेशायर म्हणून परगणा आहे, एके काळी कापडगिरण्यांसाठी गाजलेला. तिथून आगगाडीने पाच-सात मिनिटांवर एक लहानसे गाव लागते. स्टेशनवरची पाटी वाचली आणि मी ताईचा दंडच धरला. पाटीवर लिहिले होते, ‘लेलँड’.

हे नाव तुम्ही शंभरदा वाचले असेल, एस.टी.च्या नाहीतर ट्रकच्या तोंडावर. आम्ही दोघी बहिणी तर त्या नावाच्या सावलीतच वाढलो. आमचे गाव कऱ्हाड. आजोबांनी १९७४ साली एक जुनी लेलँड कॉमेट विकत घेतली आणि तिच्यावर नानांनी, म्हणजे वडिलांनी, उभे आयुष्य काढले. कोल्हापूरचा गूळ भरायचा, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा करीत मुंबईच्या बाजारात उतरवायचा, आणि परतीला मिळेल तो माल घेऊन यायचे. रात्री-अपरात्री गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की ताई झोपेतच म्हणायची, ‘नाना आले.’ आई उठून चुलीवर पाणी ठेवायची.

२००५ साली ताईचे लग्न ठरले आणि कॉमेट भंगारात गेली. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आईचे म्हणणे बरोबरच होते, उभ्या गाडीला किती दिवस पोसायचे? नाना काही बोलले नाहीत. नंबरप्लेट तेवढी काढून माळ्यावर ठेवली. आलेल्या पैशांतून लग्न झाले आणि उरलेल्यातून पुढे माझी बी.ए.ची फी. ताई बारा वर्षे प्रेस्टनला आहे, पण या गावात ती कधी उतरली नव्हती. ‘काय आहे तिथे बघण्यासारखं?’ म्हणायची. दाजींनीच भरीला घातले म्हणून त्या दिवशी आली.

गाव तसे साधेच. पण किंग स्ट्रीटवर जुन्या कारखान्याच्या जागेत ब्रिटिश कमर्शिअल व्हेइकल म्युझियम आहे, ते १९८३ साली उघडले. आत शिरल्याबरोबर डिझेलचा, ग्रीसचा आणि जुन्या रबराचा वास. ताई दारातच दोन मिनिटे थांबली.

या कारखान्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. इथला जेम्स सम्नर नावाचा लोहारकाम जाणणारा माणूस वाफेवर चालणारे गवत कापायचे यंत्र करीत असे. त्याने आणि स्पुरिअर घराण्याने मिळून १८९६ साली लँकेशायर स्टीम मोटर कंपनी काढली आणि वाफेवर चालणारी मालगाडी बनवली. १९०७ साली कंपनीने गावाचेच नाव घेतले, लेलँड मोटर्स. पुढे गाड्यांना जनावरांची नावे द्यायची पद्धत पडली. चार चाकांची ती बीव्हर, सहा चाकांची हिप्पो, आणि आठ चाकांची ऑक्टोपस! बसगाड्या म्हणजे लायन आणि टायगर. मुंबईत दोन मजली बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायला तुम्ही कधी धावला असाल, तर त्यातल्या कित्येक बसगाड्या अशोक लेलँडच्या टायटन होत्या. बेस्टच्या शेवटच्या डिझेल दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. रघुनंदन सरन यांनी १९४८ साली मद्रासला अशोक मोटर्स सुरू केली, मुलाच्या नावावरून. १९५५ साली लेलँडशी हात मिळवल्यावर तिचे अशोक लेलँड झाले.

आत वाफेवरची १८९६ सालची थॉर्निक्रॉफ्टची गाडी आहे. पोपसाहेब १९८२ साली ब्रिटनला आले तेव्हा त्यांच्यासाठी लेलँडच्या ट्रकवर बांधलेली काचेच्या खोलीची गाडीही आहे. पण मला आवडली ती पहिल्या महायुद्धातल्या लॉऱ्यांची हकीकत. युद्ध संपल्यावर सैन्याने वापरलेल्या हजारो लॉऱ्या बाजारात विक्रीला येणार होत्या. मोडक्या गाड्या रस्त्यावर फिरल्या तर आपलेच नाव खराब होईल, म्हणून कंपनीने आपल्या लॉऱ्या परत विकत घेतल्या, सुट्या करून नव्यासारख्या केल्या आणि मग विकल्या. या सचोटीत कंपनी जवळजवळ बुडायला आली होती. जुन्या गाड्या नीट करण्याचे वेड या गावाच्या रक्तातच असावे.

तिथे जुन्या गाड्यांवर काम करणारे बहुतेक लोक पगारी नव्हेत, हौशी. त्यांतले एक सत्तरी उलटलेले आजोबा आम्हांला माहिती देत होते. ते पूर्वी कारखान्यातच होते. त्यांनी एका केबिनचा पत्रा उचलून दाखवला, तर आत चक्क लाकडी सांगाडा! ॲश नावाचे चिवट लाकूड असते, त्याच्या चौकटीवर पत्रे ठोकलेले. वरून रंग छान असतो, पण आत पाणी मुरून लाकूड कुजते, मग सुताराचे काम आधी आणि मिस्त्रीचे मागाहून. मी म्हटलं, आमच्याकडे आमच्या वाड्याचंही असंच झालं होतं.

बोलता बोलता ताईने कॉमेटचे नाव काढले. आजोबा थबकले. त्यांच्या घरी शेडमध्ये कॉमेट ९० उभी होती, इंजिन नव्वद हॉर्सपॉवरचे म्हणून ते नाव. आज आपल्या दारातल्या छोट्या मोटारीतसुद्धा जवळपास इतकी ताकद असते, आणि त्या काळी तेवढ्यात टनावारी माल ओढायचा! ‘चहाला या,’ म्हणाले.

गेलो. दार आजीबाईंनी उघडले आणि मला मनापासून माझ्या आईची आठवण झाली. स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्रे अंथरलेली, त्यांवर नट-बोल्ट ओळीने मांडलेले, प्रत्येकाशेजारी चिठ्ठी. एकदा खोलून ठेवले आणि कुठला कुठे होता हे विसरले तर सहा महिने गेले म्हणून समजा. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवायचा नाही, तो तुटतो. तेल सोडायचे, एक रात्र थांबायचे, शेगडीसारख्या ज्योतीने शेकायचे, पुन्हा तेल. धीर हवा. आजीबाई म्हणाल्या, ‘हा धीर मला दाखवला असता तर!’

त्यांची सगळ्यात मोठी तक्रार ओव्हनची. फ्लायव्हीलवर बसवायचे दातेरी कडे थंड असताना चढतच नाही. ते तापवले की प्रसरण पावते, तेवढ्यात चढवायचे, गार झाले की घट्ट पकडते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात ना, तेच शास्त्र. आजोबांनी ते कडे केकच्या ओव्हनमध्ये तापवले! त्या आठवड्यात नातवाच्या वाढदिवसाचा केक बाहेरून आणावा लागला.

तुम्ही म्हणाल, बाईने हे सगळे का सोसावे? मीही हेच विचारले. अकरा वर्षे शेडमध्ये गाडी, किती सहली बुडाल्या, किती पैसा गेला, त्याचा हिशेब त्या ठेवत नाहीत. ‘ठेवला तर भांडण होईल,’ म्हणाल्या. आणि मग हळूच दाखवले, गाडीच्या आसनाचे रेक्झिन त्यांनी स्वतःच्या शिवणयंत्रावर शिवले आहे. दारावरची अक्षरेही त्यांचीच. लांब केसांचा कुंचला, हात टेकायला काठी, आणि एका श्वासात एक रेघ. खरे सांगू, मला हे पुरते पटलेले नाही. आपल्याकडच्या बायकांना अशी हौस परवडणार नाही, आणि नवऱ्याची हौस बायकोच्या गळ्यात पडते ती अशीच. पण त्या दाराकडे बघताना त्यांचा चेहरा नुसता सोसणारीचा नव्हता, हेही तितकेच खरे.

एक उपयोगाची गोष्ट तेवढी लिहून घ्या. हाताला लागलेले ग्रीस नुसत्या साबणाने जात नाही. तळहातावर चमचाभर साखर, त्यावर भांड्याच्या साबणाचे चार थेंब, पाणी न लावता चोळायचे आणि मग धुवायचे. आमच्याकडे नाना रॉकेलने धूत आणि मग दिवसभर त्यांच्या हाताला भाकरीसुद्धा रॉकेलची लागे.

शेडमध्ये गेलो. निळ्या रंगाची कॉमेट. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा खालून खाऊन टाकला होता, तो कापून नवा जोडला आहे. पाणी गोठले की फुगते आणि इंजिनचा ठोकळा तडकतो, म्हणून थंडीत रेडिएटरची फार काळजी घ्यावी लागते. गिअर टाकायचा तर दोनदा क्लच दाबायचा, मध्ये इंजिनचा वेग जुळवायचा, नाहीतर करकर करून सगळ्या गल्लीला कळते. ताई म्हणाली, ‘ठाऊक आहे. नाना मला मांडीवर बसवून मोजायला लावायचे, एक-दोन, एक-दोन.’

आजीबाईंनी सहज विचारले, ‘मग तुमच्या वडिलांची गाडी आता कुठे आहे?’

ताई म्हणाली, ‘माझ्या लग्नात विकली.’

कोणी काही बोलले नाही. आजीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे दोन्ही मुलगे शहरात, कोणालाही पाना धरता येत नाही. आपल्यामागे ही गाडी कोणाकडे जाणार, ही त्यांची काळजी आजोबांनीच आधी सांगितली होती. अशा कितीतरी गाड्या मालक गेल्यावर पुन्हा गंजत पडतात.

मग आजोबा वर चढले आणि त्यांनी गाडी सुरू केली. आधी दोन-चार ठोके अडखळत, मग लय लागली. शेडचे पत्रे थरथरू लागले. मी ताईकडे पाहिले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘नाना आले.’

त्या रात्री आम्ही नानांना व्हिडिओ दाखवला. चष्मा पुसून त्यांनी तो तीनदा पाहिला. मला वाटले, आता डोळ्यांत पाणी येईल. पण त्यांनी विचारले, ‘सेल्फवर घेतली का हँडल मारून?’ सेल्फवर, मी म्हटले. ‘धूर कसला होता?’ मी धुराकडे बघितलेच नव्हते. ताईने माझ्या हातातून फोन घेतला.

‘निळा, नाना. थोडासा निळा.’

‘मग ऑइल खातंय. रिंगा बघायला सांग त्याला. लांबवू नको म्हणावं.’

पुढच्या रविवारी तो निरोप घेऊन ताई एकटीच आगगाडीने लेलँडला गेली.