जुनी आवृत्ती केव्हा सोडावी?

इंदूरहून खंडव्याच्या वाटेवर सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर तेथेच आहे. माझा पुतण्या तेथे शिकतो. त्याचा व माझा एका प्रश्नावर मतभेद आहे. पण तो प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नव्हे, असे वाटल्यावरून वाचकांपुढे मांडतो.

आम्ही चौघे स्नेही जुन्या मराठी ग्रंथांची सूची करणारी एक आज्ञावली विनामूल्य सांभाळतो. ती पायथॉन या संगणकभाषेत आहे. या भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी निघते व प्रत्येकीची देखभाल पाच वर्षे होते. ३.८ ही आवृत्ती २०२४ च्या ऑक्टोबरात निराधार झाली. पुतण्या म्हणतो, "काका, मुदत संपली, आता ती सोडा." परंतु ३.९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, आणि आमची सूची वापरणाऱ्या दोन खेडेगावच्या वाचनालयांत तशीच यंत्रे आहेत. आपण पुढे गेलो तर ती मागे राहतील.

तथापि जुन्याला चिकटून राहण्याचेही मोल असते. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ निघाली, तिच्यात व दुसरीत मोठा खंड पडला. दुसऱ्या आवृत्तीत साधी अक्षरमाला म्हणजे बाइटांची रांग असे. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर यूटीएफ-८ मध्ये उत्तर १५ येई. तिसरी ५ सांगते, कारण ती चिन्हे मोजते. आपल्या लिपीच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. तरीही दुसरीचा निरोप लांबत गेला. २०१५ ची ठरलेली मुदत २०१४ साली २०२० वर नेण्यात आली व १ जानेवारी २०२० रोजी ती संपली. मधल्या काळात असंख्य प्रकल्पांनी दोन्ही आवृत्त्यांचा भार वाहिला. एकच दुरुस्ती दोनदा पारखायची, नव्या सोयी वापरायच्या नाहीत. आणि हा सारा व्याप फावल्या वेळात काम करणाऱ्यांच्या माथी.

नम्पाय या गणिती संचाने यावर २०१९ साली नियम केला होता: गेल्या ४२ महिन्यांत निघालेल्या आवृत्त्याच सांभाळायच्या. असा नियम आधी जाहीर असला म्हणजे रुसवाफुगवा उरत नाही. शिवाय सोडणे म्हणजे हिरावून घेणे नव्हे. नव्या प्रकाशनावर किमान आवृत्तीची नोंद केली की स्थापना करणारे साधन जुन्या यंत्राला त्यास मानवणारे शेवटचे प्रकाशन आपोआप देते. जे थांबते ते नवे काम. जे राहते ते पूर्वीचे सारे. मात्र पुढे सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

देवळाचा जीर्णोद्धार करताना आपण नित्यपूजा खंडित होऊ देत नाही. पण पूजा चालू आहे म्हणून खचलेली भिंतही तशीच ठेवीत नाही. त्याच न्यायाने आम्ही ठरविले: ३.८ साठी एक वर्षभर, नोंदी नष्ट करणारे दोष तेवढे दुरुस्त करू. नवे काही देणार नाही. त्या अवधीत दोन्ही वाचनालयांना नवी यंत्रे मिळवून देण्याची खटपट करू. पुतण्यास हे वर्ष अधिक वाटते, मला अपुरे. यंत्रे जमली नाहीत, तर निरोपाचे पत्र मात्र मलाच लिहावे लागेल.