अर्धं तिकीट

माझ्याकडे रमजानची एक एक्सेल शीट आहे. 2019 पासूनची, दर वर्षाचा वेगळा टॅब. ओळींमध्ये तीस दिवस. रकान्यांमध्ये पाच नमाज, तरावीह, कुरआनची पानं, सदका आणि शेवटी ‘झोप’. पानांचा हिशेब सोपा आहे. मदिनेच्या छापाच्या प्रतीत 604 पानं असतात, म्हणजे दिवसाला साधारण वीस, म्हणजे प्रत्येक नमाजनंतर चार. पूर्ण झालं की चौकोन हिरवा, राहिलं की लाल. हसू आलं असेल तर हसा, माझ्या रूममेटलाही येतं. पण सकाळी दहाला स्टँडअप आणि रात्री अकराला क्लायंटचा कॉल असलेल्या माणसाच्या हातून हा महिना कसा निसटतो, ते मला ठाऊक आहे. पहिले दोन रोजे कौतुकात जातात, मधले पंधरा डोकेदुखीत, आणि मग कोणीतरी विचारतं, ईदला गावी कधी जाणार?

शीटमधला माझा सगळ्यात अभिमानाचा भाग शेवटच्या दहा रात्रींचा. या दहांतल्या एका रात्री लैलतुल कद्र असते. तिचं मोल हजार महिन्यांहून जास्त सांगितलंय. हजार महिने म्हणजे 83 वर्षं आणि 4 महिने. हा भागाकार न केलेला मुसलमान इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही. रात्र नेमकी कोणती, ते मात्र सांगितलेलं नाही. शेवटच्या दहांत शोधा, विषम रात्रींत शोधा, एवढंच. आमच्याकडे लोक सत्ताविसावी धरून चालतात. इमाम शाफईंचा कल एकविसाव्या-तेविसाव्या रात्रीकडे होता. मी म्हटलं, अंदाज कशाला? वर्षाच्या सदक्याचे दहा समान भाग केले आणि बँकेच्या ॲपमध्ये दहा रात्रींना लावून दिले. कुठलीही रात्र असो, आपलं काहीतरी पोचलेलं असेल. पहिल्या वर्षी यात एक बग राहिला होता: इस्लामी दिवस मगरिबला सुरू होतो, बँकेचा रात्री बाराला. पुढच्या वर्षी दुरुस्त केला.

अम्मीला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “म्हणजे पैसे जातात तेव्हा तू झोपलेला असतोस?”

(घरी आम्ही कोकणी मुसलमानांची बोली बोलतो. लिहायला बसलं की ती आपोआप शाळेतल्या मराठीचा गणवेश घालते. माफ करा.)

आमचं गाव चिपळूणहून वाशिष्ठीच्या काठाकाठाने खाली, खाडीकडे. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. 1988 ला लागले, 2021 ला रिटायर झाले. चांद्रवर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दर वर्षी अलीकडे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांनी फिरून जागेवर येतो. अब्बा लागले तेव्हा रोजे एप्रिल-मेचे होते, रिटायर झाले तेव्हाही एप्रिल-मेचेच. मधल्या काळात रमजान त्यांच्या गाडीत बसून सगळे ऋतू फिरून आला. प्रवाशाला रोजा सोडायची मुभा आहे, नंतर तितके भरून द्यायचे. लांबची, घाटातली ड्युटी असली की अब्बा ती मुभा घ्यायचे, आणि दिवस लहान झाले की डिसेंबरात एकटेच उरलेले रोजे धरायचे. आम्ही दुपारी जेवत असायचो आणि ते ओट्यावर बसून कोयती घासत असायचे. मला तेव्हा वाटायचं, अब्बांचा रमजान वेगळा असतो.

रोजे भरून देता येतात. रात्री नाही येत. आणि शेवटच्या दहा रात्री अब्बा बहुतेक वेळा वस्तीच्या गाडीवर किंवा रातराणीवर असायचे. 2010 साली ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आली, 11 सप्टेंबरला. मी तेरा वर्षांचा होतो. गावच्या मशिदीत लोक रात्रभर जागत होते आणि अब्बा मुंबईहून चाकरमान्यांनी भरलेली जादा गाडी घेऊन कशेडी घाट उतरत होते. सेहरी महाडच्या स्टँडवर, चहा आणि दोन बटर. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एकच कंडक्टर असायचे. अब्बा त्यांना मास्तर म्हणतात, आम्हीही मास्तरकाकाच म्हणतो. त्या वर्षी मास्तरकाका स्वतःच्या घरच्या गणपतीला पोचले ते आरती संपल्यावर, आणि अब्बा ईदच्या नमाजला पोचले ते गणवेशावर.

रिटायर झाल्यावर अब्बांनी एकच गोष्ट मनात धरली होती: एकदा एतिकाफला बसायचं. म्हणजे विसाव्या रोज्याच्या सूर्यास्ताआधी मशिदीत जायचं, कोपऱ्यात पांढरी चादर बांधून तिच्या आड राहायचं, आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत गरजेशिवाय बाहेर पडायचं नाही. दहा दिवस, दहा रात्री. पण 2022 ला अम्मीचं ऑपरेशन निघालं, 2023 ला घराचं छप्पर. 2024 ला सगळं जमून आलं होतं, तर सोळाव्या रोज्याला, अस्रच्या वेळी, मशिदीच्या हौदाशी वजू करायला बसलेले अब्बा उठलेच नाहीत. शुगर 52. चिपळूणला दवाखान्यात नेताना रिक्षात चुलतभाऊ त्यांच्या तोंडात साखर कोंबत होता आणि ते दात आवळून धरत होते. रोजा मोडेल म्हणून.

डॉक्टरांनी रोजे बंद केले, कायमचे.

2025 चा रमजान 2 मार्चला सुरू होणार होता. फेब्रुवारीत अब्बांचा फोन आला: “यंदा बसतो.” मी विचारलं, रोजे? ते म्हणाले, “बसायचं म्हणजे रोज्यानेच ना.” मग मी जे केलं ते मला येतं तेच केलं. वर्षभराची शुगर माझ्याकडे दुसऱ्या शीटमध्ये होती. तिचा ग्राफ काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि फोनवर आकडे वाचून दाखवत गेलो. ते ऐकत होते. मी म्हणालो, “तुम्हाला सवाब मिळवायचाय, आणि आम्ही काय, दवाखान्याच्या बाकावर ईद करायची?”

“तू तुझं हिरवं-लाल कर,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे आमचं बोलणं अम्मीमार्फत.

तोवर मी पुण्यात एका मौलानांना विचारून आलो. उत्तर ऐकून माझी मलाच लाज वाटली, कारण ते आमच्याच घरातलं होतं. कोकणातले मुसलमान शाफई मसलकाचे. हनफींमध्ये रमजानच्या या एतिकाफला रोजा लागतो. शाफईंमध्ये रोजा ही एतिकाफची अटच नाही. आजारी माणूस जेवूनखाऊन, गोळ्या घेऊन बसू शकतो. रोज्याच्या बदल्यात फिदया द्यायचा, रोजच्या एका रोज्यामागे एक मुद्द धान्य गरिबाला. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची एक भरलेली ओंजळ.

मला वाटलं, प्रश्न सुटला. अम्मीमार्फत निरोप दिला. उलट निरोप आला: नको.

का नको, ते कळायला मला वेळ लागला. मसल्याचा प्रश्न नव्हताच. रमजानात, भर मशिदीत, जिथे सगळं गाव उपाशीपोटी जोहरच्या नमाजला उभं आहे, तिथे चादरीआड बसून भाकरी खायची? तेहतीस वर्षं ज्या माणसाने रोजा सोडला तर तो कुणाला दिसू नये म्हणून बोनेटच्या आडोशाला पाणी प्यायलं, त्याला मी सोडवलेलं गणित पाठवत होतो.

शेवटी अम्मीने मास्तरकाकांना फोन केला. ते आले, ओट्यावर बसले, रोज्याच्या घरात पाणीही नको म्हणाले. अब्बांनी सगळं सांगितलं. काका म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, एवढी वर्षं मी तिकिटं फाडली. अर्धं तिकीट काढलेला माणूस त्याच गाडीने त्याच गावाला उतरतो. मी कधी कुणाला सांगितलं का, की तुझं तिकीट अर्धं, तू घाटात उतर?”

अब्बा काही बोलले नाहीत, असं अम्मी म्हणाली. 21 मार्चला, विसाव्या रोज्याला, अस्रनंतर ते उशी, चादर, शुगरचं मशीन आणि गोळ्यांची डबी घेऊन मशिदीत गेले.

इकडे माझ्या दहा रात्री. त्या वर्षी ईद 31 मार्चला आली. ज्याने कुठल्याही बिलिंगच्या प्रोजेक्टवर काम केलंय त्याला हे वाक्य पुरे आहे. सत्ताविसाव्या रात्री, 27 तारखेला, मी ऑन-कॉल होतो. मुसल्ला लॅपटॉपच्या शेजारी. दोन रकात झाल्या की सलाम फिरवून डॅशबोर्ड बघायचा. पावणेदोनला एक जॉब अडकला, तो सुटेपर्यंत पावणेचार. मधे फोन थरथरला: सदक्याचा सातवा भाग यशस्वीरीत्या जमा. सेहरीला खजूर खाताना मी शीट उघडली. त्या रात्रीचे सगळे चौकोन हिरवे करता येत होते, कारण ठरवलेल्या रकाती खरंच झाल्या होत्या. मी हिरवे केले. मग पुन्हा पांढरे केले. लाल करायचंही जमलं नाही.

बुखारीत एक हदीस आहे. पैगंबर घरातून बाहेर आले ते ही रात्र कोणती, हे सांगायलाच. पण बाहेर दोन मुसलमान भांडत होते, आणि त्या रात्रीचं ज्ञान उचललं गेलं. कदाचित त्यातच तुमचं भलं असेल, अशा अर्थाचं ते पुढे म्हणाले. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि दरवेळी माझं लक्ष लपलेल्या तारखेकडे गेलं. त्या दोघांकडे कधी गेलं नव्हतं. भांडण कशावरून होतं, ते तिथे सांगितलेलं नाही.

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून गाडी पकडली. कुंभार्ली घाट उतरून पहाटे चारला चिपळूण, तिथून चुलतभावाच्या बाइकवर घरी, सेहरीला. दुपारी अम्मीने माझ्या हातात डबा दिला: नाचणीची भाकरी, शेवग्याची भाजी, पातळ आमटी. डबा प्लास्टिकचा. स्टीलचं झाकण मशिदीत वाजतं म्हणून तिने मुद्दाम आणला होता.

घरापासून मशीद पाच मिनिटांवर. रोज्यात, दुपारी दीड वाजता, हातात जेवणाचा डबा घेऊन मोहल्ल्यातून चालणं काय असतं, ते चालल्याशिवाय कळणार नाही. आमटीचा वास मला येत होता, म्हणजे सगळ्यांनाच येत असणार. एका पोराने सायकल थांबवून विचारलं, “तुमचा रोजा नाही?” मी म्हटलं, “आहे.” त्याने डब्याकडे बघितलं आणि काही न बोलता माझ्या बाजूने सायकल हातात धरून मशिदीच्या फाटकापर्यंत आला. अम्मी हे आठ दिवस करत होती.

चादरीआड अब्बा उताणे पडून तस्बीह ओढत होते. मी सलाम केला. त्यांनी मशीन पुढे केलं, मी बोट टोचलं. 148. त्यांनी फडकं अंथरलं, माझ्याकडे पाठ करून जेवले. पाठ माझ्यासाठी केली की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही. फेब्रुवारीबद्दल तेही बोलले नाहीत, मीही नाही.

जेवण झाल्यावर मी विचारलं, जागरण झेपतं का?

“जागा तर मी कायमच होतो,” ते म्हणाले. “फक्त मागे चाळीस माणसं झोपलेली असायची. दुआ एकच असायची, ब्रेकची. आता मागे कोणी नाही, तर काय मागायचं तेच सुचत नाही. पहिल्या दोन रात्री नुसता बसून होतो.”

“मग?”

“मग एकेक थांबा आठवत गेलो. पनवेलपासून. जो माणूस जिथे उतरायचा, त्याच्यासाठी मागितलं.”

त्या रात्री, एकोणतिसाव्या, मी चादरीच्या बाहेर खांबाला टेकून होतो. दोनेक तास चांगली झोप लागली. शीटमध्ये ते दोन दिवस अजून कोरे आहेत.

रविवारी संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी आली. एकोणतीस रोज्यांवर महिना संपला. अब्बा चादर घडी करून बाहेर आले. त्यांच्या चपला दहा दिवसांच्या धुळीत तिथेच होत्या. घरी आल्यावर त्यांनी तांदळाचं पोतं ओट्यावर ओढलं. आमच्याकडे फितराही तांदळातच निघतो, माणशी चार मुद्द. तो आधी बाजूला काढला. मग फिदया. मी फोनवर ग्रॅमचा हिशेब काढून किलो सांगितले. त्यांनी ऐकलं आणि हात तांदळात घातले. स्टिअरिंगने रुंद झालेले हात आहेत ते. मी म्हटलं, मी भरतो.

“तुझी ओंजळ लहान आहे. तू मोज.”

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. आतून अम्मीने विचारलं खीर किती जणांची, बाहेर पोरं फटाके लावत होती, चुलतभाऊ फाटकातून मुबारकबाद ओरडत आला. बाविसाला माझा आकडा चुकला.

“बावीस की तेवीस?” अब्बांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. त्यांनी पिशवी पोत्यात उलटी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.